तीन हात व्हार्निश

आमच्या घराण्यात स्वतःची गळाची काठी स्वतः बांधत नाहीत. हा नियम बापाने घालून दिला. तो म्हणायचा, स्वतःसाठी बांधायला बसलास की तू स्वतःला आहेस त्यापेक्षा तगडा धरणार, आणि मग नदीवर ती काठी तुझी शोभा करणार. म्हणून तौनोची काठी मी बांधायची आणि माझी तौनोने. तो थोरला, मी धाकटा, सहा वर्षांचं अंतर. बत्तीस वर्षं हे असं चाललं. दुकानातली तयार काठी घेऊन कुणी नदीवर आला की आम्ही त्याला हात करायचो, पण त्याच्या शेजारी उभे राहायचो नाही. गर्व म्हणा हवं तर. होताच गर्व, नाही म्हणत नाही.

मी काउंटीच्या बर्फ काढायच्या गाडीवर होतो. नोव्हेंबर ते एप्रिल रस्ते मोकळे करायचे आणि उरलेल्या वेळात तळघरात बसून काठ्या बांधायच्या. लग्न केलं नाही, त्यामुळे तळघरात किती वेळ बसलास हे विचारायला कुणी नव्हतं. कोरी काठी पोस्टाने यायची, फायबरची, पोकळ, वर निमुळती होत गेलेली. तिला खालून बुचाची मूठ बसवायची, वर गळाची दोरी ओवायला नऊ कड्या लावायच्या आणि एकेक कडी दोऱ्याच्या वेढ्यांनी जखडायची. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसाएवढी फट नाही. मग त्या दोऱ्यावर व्हार्निश.

व्हार्निशचे सात हात. सहा नाही, आठ नाही, सात. एक हात दिला की आठवडाभर वाळू द्यायचा, कारण माझं तळघर मार्चमध्येसुद्धा गार आणि ओलसर असतं, आणि घाई केली की खालचा हात मऊच राहतो. सात हात झाले की दोरा आत बुडून जातो आणि वरून अंगठा फिरवला तर काच. अशी काठी पंधरा वर्षं टिकते. तीनच हात दिले तर एक मोसम निघतो. मग पाणी दोऱ्यात शिरतं, दोरा पांढरा पडतो आणि कड्या खुळखुळायला लागतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी सांगतोय कारण सगळं इथेच अडलं.

एकोणीसशे बहात्तरच्या नोव्हेंबरात तौनोचं अर्धं फुप्फुस काढलं. तांब्याच्या खाणीत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस. सगळ्यांना वाटलं, निभावलं. जानेवारीच्या शेवटी पुन्हा छातीचे फोटो काढले आणि डॉक्टरने तौनोला बाहेर बसवून त्याच्या बायकोला, इम्पीला, आत बोलावलं. इम्पीने मला बाहीला धरून ओढत नेलं. डॉक्टर बोलायला चांगला होता बिचारा. तो म्हणाला, दुसऱ्या बाजूलाही पसरलंय, आणि उन्हाळा बघतील असं मला वाटत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तेव्हा अशीच रीत होती. ज्याचं मरण त्याला सोडून सगळ्यांना कळायचं.

इम्पी रडली नाही. दाराबाहेर पडायच्या आधी तिने मला भिंतीशी गाठलं.

"एक शब्द बोललास तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"अगं, पण त्याला कळायला नको?"

"माझ्या बापाला सांगितलं होतं डॉक्टरने. सरळ तोंडावर. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून झोपला तो उठलाच नाही. तीन आठवड्यांत गेला. बोलला नाही, जेवला नाही, आईकडे वळून बघितलं नाही. तौनोचं मी तसं होऊ देणार नाही. त्याचा जो काय वेळ आहे तो त्याला मिळायला हवा."

"मला खोटं बोलायला जमत नाही, इम्पी."

"मग गप्प बस. ते तर जमतं? जन्मभर दुसरं काय केलंयस?"

बाहेर तौनो एका अनोळखी म्हाताऱ्याशी वाद घालत बसला होता, की स्टीलहेड मासा धरायला गळाला माशाची अंडी लावावीत की नुसती लोकरीची फुंदी पुरते. इम्पी हसत गेली आणि म्हणाली, "सूज आहे म्हणतात. उतरेल हळूहळू." तौनो म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि त्या म्हाताऱ्याला जाता जाता म्हणाला, "फुंदीवर मूर्ख मासे येतात. तुला तेच हवे असतील तर लाव."

घरी येताना गाडीत तो मध्ये बसला होता, एका बाजूला इम्पी, दुसऱ्या बाजूला मी. अर्ध्या वाटेवर मला कोपर मारून म्हणाला, "धाकट्या, यंदा तुझी पाळी. माझ्या जुन्या काठीच्या कड्या गेल्या. साडेआठ फूट, नेहमीसारखी. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मला हातात हवी."

"बांधतो," मी म्हणालो. इम्पी खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या शनिवारी सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, त्याच्याकडे गेलो. दर शनिवारी जायचोच. वाफेत तो वरच्या फळीवर बसला आणि मी त्याला बघितलं. बरगड्या मोजता येत होत्या. जखमेचा व्रण पाठीपासून काखेखालून पुढे आलेला, आणि दंड, ज्या दंडांनी माझा बाप गेला तेव्हा शवपेटीचं पुढचं टोक एकट्याने उचललं होतं, ते दंड लोंबत होते. तो पाणी ओतत होता आणि खाणीतल्या कुणाच्या तरी नकला करत होता. मी हसलो. हसताना मी मनात हिशोब करत होतो, की ह्याला एप्रिलमध्ये किती वजन पेलेल.

कोरी काठी मी नेहमीपेक्षा हलकी मागवली. मूठ बारीक केली, कारण त्याचा पंजा आता पूर्वीचा राहिला नव्हता. फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला, मी दोन-दोन पाळ्या गाडी चालवली आणि उरलेल्या वेळात दोरा गुंडाळला. गर्द तपकिरी, कडेला चार वेढे लाल. त्याला तेच आवडायचे. मग व्हार्निश सुरू केलं, पहिला हात, दुसरा हात. तिसरा दिला तेव्हा मार्चचा तिसरा आठवडा आला होता. अजून चार द्यायचे तर एप्रिल अर्धा उलटून जाणार, आणि मासे काही माझ्या व्हार्निशसाठी थांबणार नव्हते. तौनोही थांबेल असं वाटत नव्हतं. मी स्वतःला समजावलं, की बाबा रे, एकाच मोसमाचा प्रश्न आहे, तीन पुरे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, डबीवर झाकण ठोकून बसवलं आणि काठी वाशाला टांगली.

मला आजही त्या ठोकण्याचा राग येतो. एवढी अक्कल कुठे गेली होती माझी?

दोन दिवसांनी, दुपारी, तौनो स्वतः गाडी चालवत आला. इम्पी चर्चच्या बायकांकडे गेली होती, तेवढ्यात त्याने साधलं. तळघराच्या पायऱ्या उतरताना तो तीनदा थांबला आणि प्रत्येक वेळी मी वर बघत नाही असं दाखवलं.

"कुठाय?"

मी काठी काढून दिली. त्याने टोक छताला टेकवलं, मूठ पोटाशी धरली आणि हळूच दाबलं. काठी वाकली, तो तिला फिरवत फिरवत कुठे जोर आहे ते बघत राहिला. हे तो डोळे मिटून करायचा.

"हलकी घेतलीस."

"ऑपरेशन झालंय तुझं. खांद्याला ओढ बसायला नको म्हणून."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मग त्याने ती आडवी मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवायला लागला. पहिली कडी, दुसरी कडी. तिसऱ्या कडीवर थांबला, पुन्हा पहिलीवर गेला. मग अंगठ्याचं नख टेकवलं आणि दोऱ्यावरून आडवं ओढलं. इतका बारीक आवाज होता, पण मला ऐकू आला.

"किती हात झाले?"

"सात."

तौनोने माझ्याकडे बघितलं. ह्या माणसाने मला दोरा धरायला शिकवलं, आणि त्याला मी सात सांगत होतो.

"नखाला दोरा लागतोय, वैको."

"म्हणजे... अजून द्यायचेत. उरलेले देणारच होतो."

"मग ब्रश कशाला धुतलास?"

काम संपेपर्यंत ब्रश धुवायचा नसतो. तो टर्पेंटाइनच्या बरणीत उभा टांगून ठेवायचा असतो, पहिल्या हातापासून सातव्यापर्यंत. माझा ब्रश खिळ्यावर कोरडा लटकत होता आणि शेजारी डबीचं झाकण बसवलेलं होतं. तौनो ते दोन्ही बघत राहिला.

"तीन आहेत," तो म्हणाला.

"तीन."

"तीन म्हणजे एक मोसम."

मी स्टुलावर बसलो. त्याने काठी जपून बाकावर ठेवली, जणू तिला लागेल.

"म्हणजे सूज नाही."

"नाही."

"इम्पीला ठाऊक आहे?"

मी मान हलवली. जानेवारीपासून ठाऊक आहे, एवढं कसंबसं बोललो आणि मग माझा बांधच फुटला. एकावन्न वर्षांचा बाप्या, तळघरात बसून लहान पोरासारखा हुंदके देत होतो. तौनो मला रडू देत राहिला, मग म्हणाला, "पुरे आता. मरायचंय मला, आणि रडतोयस तू. कॉफी तरी कर."

मी वर जाऊन कॉफी केली. खाली आलो तर तो बाकाशी उभा राहून पुन्हा कड्यांवर अंगठा फिरवत होता. चिडला होता. मला वाटलं दुखण्यावर चिडला असेल.

"गाढवा," तो म्हणाला, "मरणाऱ्याची काठी म्हणून अर्धवट सोडतोस? बाप असता तर तुझ्या टाळक्यात घातली असती."

"देतो ना उरलेले. आजच चौथा देतो."

"आता नको. आता मला एप्रिल गाठायचाय." त्याने कप घेतला, दोन्ही हातांनी. "आणि ऐक. मला कळलंय हे इम्पीला कळता कामा नये."

मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडलो. "तिने मला शपथ घातलीय तुला न सांगण्याची, आणि आता तू घालतोयस तिला न सांगण्याची! नवराबायको तुम्ही, आणि मध्ये पिचतोय मी! एकमेकांशी बोला की सरळ!"

"तिच्या बापाचं तुला माहीत आहे?"

"सांगितलंय तिने."

"मग विचार कर. घरात ती दिवसभर गाणी म्हणते आता. कधी म्हणायची नाही. माझ्यासाठी म्हणते, मला वाटावं सगळं ठीक आहे म्हणून. तिला माझ्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, वैको. हे एक आहे, आणि ते तिला जमतंय. मी जाऊन सांगू, की बाई, तुझं जमलं नाही?"

"पण..."

"मी गेल्यावरसुद्धा सांगायचं नाही. तिला वाटू दे तिने मला सुखाने जाऊ दिलं. बोल."

मी बोललो. शब्द दिला. बापाची आण घेतली, मूर्खासारखी.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रविवारी जेवायला मी त्यांच्याकडेच असायचो. इम्पी बटाटे वाढता वाढता म्हणायची, "पुढच्या वर्षी व्हरांड्याला रंग काढायचा हं." तौनो म्हणायचा, "हिरवा नको बाई, पुढच्या वर्षी पांढरा देऊ." ती त्याच्यासाठी कॅटलॉगमधून नदीत उतरायचे नवे रबरी बूट मागवायला निघाली, तर तो मापावरून तिच्याशी अर्धा तास भांडला. पाय सुजतात म्हणून एक नंबर मोठा घे, म्हणाला. इतकं झकास भांडला, की मलाच क्षणभर खरं वाटलं. दोघंही पट्टीचे नट निघाले. मी ताटात बघून बटाटे गिळायचो. इम्पीला वाटायचं मी तिच्यासाठी गप्प आहे, तौनोला वाटायचं मी त्याच्यासाठी. खरं सांगतो, मला दोघांचाही संताप यायचा. आणि घरी परतताना गाडीत दोघांची इतकी कणव यायची, की समोरचा रस्ता दिसायचा नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ फुटला. फायरस्टील नदी तांबूस होऊन धावायला लागली आणि सरोवरातून स्टीलहेड वर चढायला लागले. आम्ही सकाळी आठला निघालो. इम्पीने मांस-बटाटे भरलेल्या दोन पेस्ट्या गरम गरम कागदात गुंडाळून दिल्या, वर थर्मास, वर घोंगडी. "फार आत उतरू नकोस," एवढंच म्हणाली. नवे बूट घालून तौनो गाडीत बसला तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती.

आम्ही पहिल्याच वळणावर थांबलो, कारण पुढे चालणं त्याला शक्य नव्हतं. काठावर अजून बर्फ होता. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने गळ टाकला. पहिला जवळच पडला, दुसरा थोडा पुढे, तिसरा नेमका खडकापाशी. माझी काठी गुंडाळलेलीच राहिली, मी ती सोडलीसुद्धा नाही. मी नुसता त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो, पडला तर धरायला.

दहाच्या सुमारास मासा लागला. काठी मुठीपर्यंत वाकली. तौनोचा चेहरा बदलला, तो कसा ते मला सांगता येणार नाही, पण तो माझा थोरला भाऊ होता, खाणीत जायच्या आधीचा. मासा दोनदा वर उसळला. चांगला आठ-नऊ पौंडांचा होता. तिसऱ्या वेळी तो प्रवाहात आडवा झाला, दोरी ताणली आणि सैल पडली. गेला.

मला वाटलं आता तो खचणार. त्याने काठीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "वाक झकास आहे, धाकट्या. मासा मी घालवला, काठीने नाही."

मग ओंडक्यावर घोंगडी टाकून बसलो. त्याने अर्धी पेस्टी खाल्ली, उरलेली मला दिली. पाण्याकडे बघत म्हणाला, "मी खोकलो की इम्पी खाली बघते. कधी लक्षात आलंय तुझ्या?"

आलं होतं. सगळ्यांच्याच आलं होतं. महायुद्ध संपल्यावर तौनो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला होता. आठ महिने राहिला. इथे इम्पीची आई अंथरुणाला खिळलेली. इम्पीने चिठ्ठी लिहिली, की मला आईला सोडून येता येणार नाही, तू काय ते ठरव. तो परत आला, लग्न केलं आणि खाणीत उतरला.

"तिला वाटतं तिने मला खाणीत घातलं," तौनो म्हणाला. "खाणीची धूळ, मग हे. बोलत नाही, पण वाटतं तिला."

"मग?"

"चिठ्ठी आली तेव्हा माझी पेटी भरलेली होती, वैको. पट्टा आवळून दाराशी ठेवलेली. दुसऱ्या दिवशीचं तिकीट खिशात. मला तिथे एक दिवस करमलं नाही. माझ्या खोलीच्या खिडकीतून विटांची भिंत दिसायची. तिने लिहिलं नसतं तरी मी आलोच असतो, आणि खाणीतच गेलो असतो. दुसरं होतं काय इथे?"

"हे तिला सांगितलं नाहीस कधी?"

"तेव्हा तिला वाटलं मी तिच्या शब्दाखातर आलो. आवडलं तिला ते. सगळ्या गावाला सांगत सुटली होती. मग मी कशाला तोंड उघडू? आणि पुढे खोकला लागला, तोवर फार उशीर झाला होता."

"आज सांग. घरी गेल्यावर सांग."

"सव्वीस वर्षं न बोललेली गोष्ट आज बोललो तर ती काय समजेल? माझ्याकडे बघेल आणि लगेच ओळखेल. हुशार आहे ती." तो उठला, माझ्या खांद्यावर भार टाकून. "राहू दे आता. चल, थंडी वाजतेय."

त्यानंतर तो नदीवर गेला नाही. पण गेलाही नाही लवकर. मे गेला, जून गेला, उन्हाळा चांगला डोळ्यांनी बघितला त्याने, व्हरांड्यात खुर्ची टाकून. चौदा जुलैला सकाळी गेला. सातच्या सात हात आरामात झाले असते. डॉक्टरचा अंदाज चुकला आणि माझाही.

मातीला अख्खं गाव आलं होतं. त्यानंतर मी रविवारचा जाईनासा झालो. कारणं सांगत राहिलो, गाडी दुरुस्तीला आहे, पाठ धरलीय. सप्टेंबरमध्ये इम्पीने फोन करून खडसावलं, "तौनो गेला म्हणून माझ्या हातचं कडू झालं काय?" तेव्हा गेलो.

स्वयंपाकघरात बसलो. तिने वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी ओतली. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. ती बारीक झाली होती, पण गडबड तीच. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिने सुरी खाली ठेवली.

"वैको, एक विचारते. त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं एक खोटं मला बेमालूम जमलं, कारण सहा महिने त्याचीच तालीम चालली होती.

"मी तेवढं तरी नीट केलं." तिने कॉफीचा चमचा उगाच सरळ केला. "पण एक राहून गेलं. मला त्याची माफी मागायची होती. त्या चिठ्ठीबद्दल. मी ती लिहिली नसती तर तो डेट्रॉइटला राहिला असता. उजेडात काम केलं असतं. आज जिवंत असता. रोज वाटायचं, आज बोलू. तो खुर्चीत बसलेला असायचा, मी मागे उभी राहायचे, तोंडापर्यंत यायचं. पण असली माफी माणूस केव्हा मागतो? त्याने लगेच ओळखलं असतं, की आपलं संपत आलंय. म्हणून गिळून टाकायचे. आता झोप येत नाही मला. डोळे मिटले की ती चिठ्ठी दिसते."

माझ्यासमोर कॉफी होती. मी बापाची आण घेतली होती. तौनोचा चेहरा समोर आला, आणि इम्पीचा तर समोर होताच, आणि तिला जे हवं होतं ते एप्रिलपासून माझ्या खिशात पडलेलं होतं. मेलेल्याला दिलेला शब्द मोठा की जिवंत बाईची झोप? मी काही विचारवंत नाही. मला तिच्याकडे बघवेना, एवढंच झालं.

"पेटी भरलेली होती," मी म्हणालो.

"कसली पेटी?"

"त्याची. तुझी चिठ्ठी पोचायच्या आधीच. दाराशी ठेवलेली, दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेलं. त्याला तिथे करमत नव्हतं. तू लिहिलं नसतंस तरी तो येणारच होता, इम्पी, आणि खाणीतच जाणार होता. तुझ्यामुळे काही झालं नाही. त्याने स्वतः सांगितलं मला."

तिचा हात तोंडाकडे गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चेहरा असा मोकळा झाला, की मला वाटलं, बरं झालं, देवा, सुटलो. तिने एप्रनने डोळे पुसले. एकदा हसलीसुद्धा. "मेला! गावभर मिरवू दिलं मला," म्हणाली. मग थांबली.

"तुला कधी सांगितलं हे?"

मी जुनी तारीख सांगायला हवी होती. दहा वर्षांपूर्वी, नदीवर, दारू पिताना, काहीही. पण मला तेवढं कुठलं सुचायला?

"एप्रिलमध्ये. मासे धरायला गेलो तेव्हा."

इम्पीने माझ्याकडे बघितलं. तौनो म्हणाला होता तसं तिला वेळ लागला नाही.

"सव्वीस वर्षं बोलला नाही तो," ती सावकाश म्हणाली, "आणि एप्रिलमध्ये बोलला."

मी कप फिरवत होतो.

"माहीत होतं त्याला."

"हो."

"तू सांगितलंस?"

"नाही. मी काठी घाईने संपवली, त्यावरून त्याने ओळखलं. मार्चमध्ये. तुला कळू द्यायचं नाही म्हणून त्याने माझ्याकडून शपथ घेतली."

ती उठली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बोटांवर महिने मोजायला लागली, मार्च, एप्रिल, मे, जून, आणि जुलैपाशी तिचं बोट थांबलं.

"रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचे," ती म्हणाली. "रडू आलं तर त्याला कळू नये म्हणून. आणि तो माझ्याकडे पाठ करून. मला वाटायचं त्या कुशीवर त्याला श्वासाला बरं पडतं."

"इम्पी..."

"बोललो असतो रे आम्ही. जवळजवळ चार महिने होते. आम्ही दोघं बोललो असतो. आणि तू दर रविवारी इथे आमच्यामध्ये बसून बटाटे खात होतास."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो," इम्पी म्हणाली, "चुकलं."